पऱ्हाटीचं वावर, लिव्हरपूलचा भाव

कापसाचा एक झुबका घ्यायचा. सरकीला चिकटलेले तंतू बोटांनी सोडवायचे, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून हलकेच ओढायचे, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे. तीन-चार वेळा असं केलं की आखूड, मोडके तंतू गळून पडतात आणि नखावर रेशमासारखी सरळ बट उरते. ती काळ्या कापडावर ठेवली की धाग्याची लांबी नजरेला दिसते. नव्या माणसाला मोजपट्टी लागते, मुरलेल्याला लागत नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर म्हणून सत्तावीस हंगाम मी हेच केलं. माझ्या बोटांनी ठरवलेल्या प्रतीवर माणसांचा चुकारा ठरायचा, त्यामुळे शिव्याही भरपूर खाल्ल्या.

एका हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागली होती. दोन रात्री मुक्कामाला असलेला एक म्हातारा शेकोटीपाशी मला म्हणाला, "सायेब, माह्या बापानं पऱ्हाटी लावली, त्याच्या बापानं लावली. मंग पयल्यांदा कोनं लावली अन् काऊन लावली?"

मी हसून वेळ मारून नेली. निवृत्त होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावात परतल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. गॅझेटियरं चाळली, जुनी कागदपत्रं वाचली, चार जाणत्यांशी बोललो. त्याचं उत्तर काही अंशी मातीत सापडलं, काही पावसात, आणि बरंचसं अशा ठिकाणी जिथे राळेगावचं नावही कधी कुणी ऐकलं नसेल.

मातीपासून सुरू करतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. त्या पसाऱ्याची पूर्वेकडची किनार आमच्या भागातून, वणी-हिंगणघाटच्या बाजूने जाते. बेसाल्ट कुजून, झिजून जी काळी माती झाली तिच्यात एका विशिष्ट चिकणमातीचं प्रमाण जास्त असतं. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात आमच्या वावरात चालताना भेगा ओलांडत चालावं लागतं. लहानपणी एका भेगेत माझं विळ्याचं पातं पडलं. हात कोपरापर्यंत घातला तरी ते लागलं नाही. वडील म्हणाले, "राहू दे, पाऊस आला की माय गिळून टाकीन." आणि तसंच झालं. भेगेत वरची माती पडते, पावसात जमीन फुगते आणि खालची माती हळूहळू वर येते. अशी ही जमीन आपली आपणच उलथीपालथी होत राहते. लोक म्हणतात काळी स्वतःला नांगरते, ते काही खोटं नाही.

मोठा गुण तिच्या पोटात आहे. पाऊस थांबल्यावरही ती ओल धरून ठेवते. पऱ्हाटीचं सोटमूळ खोल जातं आणि ती ओल पिऊन झाड तग धरतं. आमच्याकडे पाऊस वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास, बहुतेक सगळा मृगापासून हस्तापर्यंत. मृगात तिफन फिरली की भाद्रपद-आश्विनात पात्या-फुलं, आणि दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी. बोंड फुटतं ते नेमकं पाऊस उघडल्यावर, कोरड्या उन्हात. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापूस काळवंडतो, त्याची कवडी होते. कोकणात याच्या अडीच-तीन पट पाऊस, म्हणून तिथे भात आणि इथे कापूस. देवाने वाटणी करताना एवढं गणित नक्की केलं होतं.

पण म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं हे पूर्ण उत्तर नव्हे. कारण हीच काळी, हाच पाऊस ज्वारीलाही तितकाच मानवतो. तुरीला, हरभऱ्यालाही मानवतो. इंग्रज यायच्या आधी इथे कापूस होताच, चांगला होता. वर्धेपलीकडच्या हिंगणघाटच्या बाजाराचं नाव मिळालेली 'बाणी' ही देशी जात मऊ, लांब धाग्याची, हिंदुस्थानातल्या उत्तम कापसांत मोजली जायची. पण शेतकरी पऱ्हाटीशेजारी ज्वारी-तूर लावायचा, आणि कापसाचा बराच भाग गावच्या चरखीवर, गावच्या मागावर संपायचा. उरलेला बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. चारपाचशे मैल! येताना तांडे मीठ आणायचे. मुंबईकडे वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा गेला तो १८२५-२६ साली. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी सुमारे पाचशे बैलांवर लादून तो पाठवला. एकेका बैलावर दोन गोण, म्हणजे साधारण अडीचशे पौंड. वाटेत घाट, धूळ, चोर, नाक्यानाक्यावरची जकात. आणि सगळं काम कार्तिक ते वैशाख एवढ्यातच उरकायचं, कारण मृग लागला की याच काळीत बंडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतायचं. जी जमीन कापूस देते तीच तो अडवूनही धरते. पावसाळ्यात आमची गावं बेटांसारखी व्हायची, अगदी माझ्या लहानपणापर्यंत.

आता नदीचं सांगतो. राळेगाव तालुक्याच्या एका अंगाला वर्धा वाहते. वडकीहून नागपूरकडे निघालात की पुलावरून दोन मिनिटांत हिंगणघाट तालुक्यात जाता. नातीगोती दोन्हीकडची, बोली एक, माती एक. पण १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला, तो निजामाकडे गेला, आणि नदीची हद्द झाली. १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. लगेच पुढच्या वर्षी नागपूरचं राज्यही खालसा झालं. राज्यकर्ता एकच झाला, तरी कारभार वेगळाच राहिला. अलीकडे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर सातबारा आणि सारा थेट सरकारात. पलीकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरणार आणि कुळं त्याच्या हाताखाली. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तेव्हा कुठे दोन्ही काठ एका कारभारात आले. आमच्या आजोळचे लोक नदीपलीकडचे. आजी 'आमच्या मालगुजारीत' असं ज्या ठसक्यात म्हणायची त्यावरून आजोबा आणि तिची आयुष्यभर जुंपायची.

एवढी पार्श्वभूमी सांगितली, कारण पुढची उलथापालथ वर्धेच्या काठी झालीच नाही. ती झाली अमेरिकेत.

अमेरिकेतल्या पहिल्या इंग्रज वसाहतींचा नकाशा पाहिला की मला आपला कोकण आणि वऱ्हाड आठवतात. उत्तरेला मॅसॅच्युसेट्स. जमीन खडकाळ, हिवाळा लांब, पीक जेमतेम घरापुरतं. तिथल्या माणसांनी समुद्राकडे तोंड केलं, कॉड मासा, लाकूड, जहाजं. त्या राज्याच्या विधानसभेत आजही लाकडी कॉड मासा टांगलेला आहे. दक्षिणेला व्हर्जिनिया. १६०७ साली वसाहत झाली आणि पाच-सहा वर्षांत तंबाखू लागली, ती इतकी की रस्त्याकडेलाही तीच. आणखी खाली कॅरोलायनाच्या दलदलीत भात. आणि पुढे अलाबामा-मिसिसिपीत कापूस, कारण तिथे वर्षात दोनशेच्या आसपास दिवस हिमतुषार पडत नाहीत. गंमत म्हणजे अलाबामातल्या एका पट्ट्याला काळ्या मातीवरूनच 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात.

पण मातीने एकटीने तिथेही काही केलं नाही. १७९३ साली एली व्हिटनीचं जिनिंग यंत्र आलं, मॅंचेस्टरच्या गिरण्यांची भूक वाढली, आणि त्या काळ्या पट्ट्यात राबायला गुलाम आणले गेले. १८६० साली अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं गुलामीत होती. ब्रिटनच्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा त्यांच्या हातचा. इंग्रज सरकारला एका देशावर असं अवलंबून राहणं खुपत होतंच. म्हणून १८४० च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून कापूसतज्ज्ञ मळेवाले हिंदुस्थानात आणून पाहिले. धारवाडकडे अमेरिकन बियाणं काहीसं रुजलं, बाकी बऱ्याच ठिकाणी हवेने आणि पावसाने त्यांना नमवलं.

मग १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली. लॅंकेशायरमधल्या गिरण्या बंद पडल्या. ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसात हिंदुस्थानचा वाटा १८६० साली सोळा टक्क्यांच्या आसपास होता, तो १८६२ साली पंच्याहत्तर टक्क्यांवर गेला. भाव तिप्पट-चौपट झाले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या नावाने सट्टा गाजला तो याच पैशावर. बंड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळी देशभर फिरल्या. आमच्या तालुक्यात मी बरेच जुने वाडे पाहिले, चांदीची धाव काही कुठे दिसली नाही. दिसली ती सावकाराची तिजोरी.

तिकडच्या विणकरांना आपला कापूस आवडत नव्हता, हेही सांगायला हवं. हिंदुस्थानचा सगळा कापूस लिव्हरपूलमध्ये 'सुरत' या एका नावाने विकला जायचा. धागा आखूड, तुटणारा, वर धूळ आणि सरकीचे तुकडे. देवा, कापूस पाठव पण सुरत नको, अशी प्रार्थना एका चर्चमध्ये झाल्याचा किस्सा सांगतात. ग्रेडर म्हणून मला त्यांचं म्हणणं कळतं. पण शेकडो मैल धूळ खात आलेल्या गोणीचा दोष पऱ्हाटीवर टाकणं, हे मात्र पटत नाही.

१८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. जादा भाव गेला, लोक पुन्हा ज्वारीकडे वळले, असं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडात पोचली होती. बडनेरा झालं, १८६७ मध्ये नागपूर झालं. १८७० साली खामगावचा फाटा आणि कापूसबाजार उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव इथे महिन्यांऐवजी तासांच्या हिशोबाने कळू लागला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला गेला. जो सारा पूर्वी कधी धान्यात, कधी सवलतीने भागायचा तो आता रोख रुपयांत आणि ठरल्या हप्त्याला. रोकड देणारं पीक कोणतं? पऱ्हाटी. हप्ता चुकला की पैसे कोण देणार? सावकार. तो कशावर देणार? पऱ्हाटीवर. हे चक्र एकदा फिरू लागल्यावर पेरणीचा निर्णय नावापुरताच शेतकऱ्याचा उरला.

यात भूगोलाने आणखी एक खेळी केली. रेल्वे पूर्णा-तापीच्या सपाट खोऱ्यातून गेली, कारण तिथून रूळ टाकणं सोपं. आमचा भाग, तेव्हाचा वणी जिल्हा, टेकड्यांचा आणि नाल्यांचा. १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं, पण रूळ काही आले नाहीत. यवतमाळचा कापूस धामणगाव स्टेशनला जायचा आणि आमच्या बाजूचा नदी उतरून हिंगणघाटला. पुढे एका इंग्रजी कंपनीने मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रूळ टाकले, तीच आपली शकुंतला रेल्वे. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं तिची मालकी खाजगी कंपनीकडेच होती. तीही राळेगावच्या वाट्याला आली नाही. म्हणजे माती सारखी, पाऊस सारखा, कापूस कधी कधी सरस, तरी स्टेशनाजवळच्या माणसाला चार पैसे जास्त. नदी उतरायला जी बंडीची मजल लागायची तिचा खर्च कुणी कापायचा? आम्हीच.

जमशेदजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नाही, नागपुरात. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी, हा त्यांचा हिशोब. हिंगणघाटलाही गिरण्या निघाल्या. पण गिरण्यांनी एक नवं संकट आणलं. बाणीचा धागा लांब, पण शंभर किलो कापसातून रुई निघायची जेमतेम पंचवीस-अठ्ठावीस किलो. 'जरी' नावाची आखूड धाग्याची जाडीभरडी जात पस्तीसच्या वर रुई द्यायची आणि रोगराईलाही दाद द्यायची नाही. जाड सुताला गिऱ्हाईक भरपूर. व्यापारी वजनाने घेणार, बारकावा कोण बघतो? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जरीने बाणीला वावराबाहेर काढलं. ज्या कापसाने हिंगणघाटचं नाव समुद्रापार नेलं तो हिंगणघाटच्या आसपासच दुर्मीळ झाला. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सर्वांत वाईट नुकसान हेच. अंगठ्यांत बाणीची बट धरायला मिळाली असती तर, असं अजूनही वाटतं.

बाजाराची लबाडी रोखायला वऱ्हाडात कायदेही लवकर झाले. कारंजाला १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. वजनमाप सुधारलं. भाव मात्र तारेवरूनच येत राहिला.

आता पेवाकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे.

आपल्याकडे शेतीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळी फुगते-आकसते म्हणून घरं तिच्यावर टिकत नाहीत, भिंतींना तडे जातात. घरं पांढऱ्या मातीवर. याच पांढरीत पेव खणायचे. तोंड घागरीएवढं, खाली पोट रांजणासारखं फुगलेलं. आतून शेणामातीने लिंपायचं, जाळ करून वाळवायचं, तळाला कडबा आणि भुसा, मग ज्वारी. वर पुन्हा भुसा, फरशी, माती. चांगल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. माझ्या आजीच्या परसात एक होतं, रिकामं. ती सांगायची, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी कंदील दोरीने सोडायचा. कंदील विझला तर आत हवा नाही, मग दिवसभर तोंड उघडं ठेवायचं. घाईने उतरलेली माणसं वर आली नाहीत, असे किस्से प्रत्येक गावात आहेत. आपण 'अमक्याचं पेव फुटलं' म्हणतो ना, ते हेच पेव. आता नुसता वाक्प्रचारच उरला.

कापूस वाढला तशी ज्वारी हटली. पेवं रिकामी पडली. धान्य विकत घ्यायचं, आणि त्यासाठी कापूस विकायचा. चांगल्या वर्षी हा सौदा फायद्याचा होता, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. कौलं, भांडी, दागिने आले. पण १८९६-९७ ला पावसाने दगा दिला, आणि १८९९-१९०० ला तर पुरताच. तोच विक्रम संवताप्रमाणे छप्पन्नचा दुष्काळ. पऱ्हाटी करपली, म्हणजे पैसा नाही. वेचणी नाही, म्हणजे मजुरी नाही. धान्य बाजारात होतं, रेल्वेने येतही होतं, पण त्याचा भाव पेलणारा माणूस उरला नव्हता. पूर्वी पाऊस गेला तर एका हंगामाचं नुकसान व्हायचं आणि पेव हात द्यायचं. आता पाऊस आणि बाजार असे दोन धनी झाले होते, आणि दोघंही एकदमच रुसले.

राळेगावजवळ रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं मंदिर आहे, एकट्या सीतेचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या पुढाकाराने त्याचा जीर्णोद्धार झाला. लोककथा अशी की वनवासी सीतेने गावात मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, तेव्हा तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. संकरित बियाणं येईपर्यंत खरंच पिकत नव्हता, असं गावकरी सांगतात. भूगोलाचा मास्तर कदाचित ओलिताचं आणि जमिनीच्या खोलीचं कारण देईल. मला त्या कथेत दुसरंच ऐकू येतं. दारात आलेल्या बाईला द्यायला मूठभर धान्य नसणं ही जिथली मोठी लाज, अशा मुलखाची ती कथा आहे. त्याच मुलखात पुढे वावरभर पांढरं सोनं आणि घरात रेशनचे गहू, अशी वेळ आली.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून आमच्याकडे जवळपास सगळीकडे अमेरिकन जातीचं संकरित बियाणं आहे. १८४० मध्ये मळेवाल्यांना जे साधलं नाही ते असं साधलं. बेंबळा प्रकल्पाचं पाणी काही गावांत पोचलं, बरीच पऱ्हाटी अजून पावसावरच. २०२४ साली वर्धा-कळंब गाडी सुरू झाली, म्हणजे रूळ शेजारच्या तालुक्यापर्यंत आले. माझा पुतण्या वेचणी सुरू झाली की सकाळी उठून मोबाइलवर न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव बघतो आणि मग बाजार समितीत फोन करतो. दोन्ही भाव ऐकून त्याचं तोंड पाहिलं की मला तो शेकोटीजवळचा म्हातारा आठवतो. पहिली पऱ्हाटी कुणी लावली हे मला सापडलं नाही. तिच्याशेजारची ज्वारी कुणी उपटली, हे मात्र आता सांगता येईल.

एक विनंती. राळेगाव, कळंब, केळापूर, मारेगाव या भागात कुणाच्या वाड्यात किंवा परसात पेव अजून शाबूत असेल, तर घर बांधताना बुजवण्याआधी त्याचं तोंड, खोली आणि पोटाचा घेर मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. आणि उतरण्याआधी कंदील सोडायला विसरू नका.